मोबाईल चालतो, मग बटण का लागत नाही?

चार वर्षांचं मूल आईच्या मोबाईलवर हवं ते गाणं शोधून काढतं. जाहिरात आली की कोपऱ्यातल्या इवल्याशा फुलीवर अचूक बोट ठेवतं. तेच मूल शर्टाच्या बटणाशी झटापट करून रडकुंडीला येतं, खडू मुठीत धरतं आणि जेवून उठलं की अर्धा भात ताटाबाहेर असतो. डॉक्टरांनी 'विकास थोडा मागे आहे' असं सांगितलेलं असलं तरी घरात कुणीतरी म्हणतंच, "मोबाईल बरा जमतो! लाडावलंय, दुसरं काही नाही." आई-वडिलांनाही हे कोडं सुटत नाही. एवढी चालणारी बोटं कामाच्या वेळी अडतात कुठे?

बटणाकडे नीट पाहिलं की कोडं उलगडू लागतं. मोबाईलच्या काचेला एक बोट पुरतं. ते टेकवायचं आणि सरकवायचं. काही धरायचं नसतं, जोर लावायचा नसतो, नेम चुकला तरी काही पडत-फुटत नाही आणि दुसऱ्या हाताला कामच नसतं. एकटी तर्जनी पुढे काढून दाखवणं साधारण वर्षाच्या बाळाला जमतं. बटणाला मात्र दोन्ही हात लागतात आणि दोघांची कामं वेगळी असतात. एका हाताने काजाची कड धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत बटण तिरकं करून काजात घालायचं. ते अर्धं बाहेर आलं की कामांची अदलाबदल करायची: काज धरणाऱ्या हाताने बटण ओढायचं, बटण धरणाऱ्याने कापड मागे सारायचं. हे सगळं छातीपाशी, जिथे मुलाची नजर धड पोचत नाही. मोबाईल येणाऱ्या मुलाला बटण आलं पाहिजे, हा हिशेबच चुकीचा आहे. त्या मुलाला आळशी म्हणणं तर अन्यायच.

बालवाडीच्या वयात हाताच्या बारीक हालचाली कशा घडतात, विकासात मागे असलेल्या मुलांच्या बाबतीत त्या कुठे अडतात आणि घरच्यांना काय करता येतं, ते क्रमाने पाहू.

बोटांच्या दोऱ्या कोपराजवळ

उजव्या हाताने डावा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवा. वळवळ जाणवते ती कोपराजवळ. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखालच्या भागात असतात आणि तिथून निघालेल्या लांब कंडरा मनगटावरून जाऊन बोटांच्या हाडांना चिकटतात. तळहातातले छोटे स्नायू, विशेषतः अंगठ्याच्या बुडाशी असलेला गुबगुबीत गट, त्या हालचालीला बारकावा देतात.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तसाच हा प्रकार आहे. हालचाल बाहुलीच्या हातात दिसते, दोरी मात्र वरून ओढली जाते. ओढणाऱ्याचा हात डळमळला तर बाहुलीचा नाच बिघडतो आणि तो ज्या फळीवर उभा आहे ती फळीच हलत असेल तर खेळ होऊच शकत नाही. बोटांना मनगटाचा आधार लागतो, मनगटाला कोपर आणि खांद्याचा, खांद्याला पाठीचा आणि पोटाचा. आधाराची ही साखळी स्वतःच्या हातावर तपासून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि त्याच स्थितीत मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. मूठ सैलच राहते. मनगट किंचित मागे वळवलं की तीच मूठ घट्ट होते. दोरीला ताण तेव्हाच मिळतो.

हाडांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात, त्यांपैकी ८ मनगटात. बाळ जन्मतं तेव्हा मनगटाची ही आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. एक्स-रेत ती दिसतही नाहीत. पहिली दोन बहुधा पहिल्या काही महिन्यांत कठीण होऊ लागतात, बाकीची पुढच्या वर्षांत एकेक करून, आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर नऊ-बारा वर्षांच्या सुमारास. (मुलाचं 'हाडांचं वय' काढायला डॉक्टर हाताचा एक्स-रे घेतात तो यामुळेच.) तीन-चार वर्षांच्या कोणत्याही मुलाचं मनगट अजून घडत असतं. ज्याचा विकास सावकाश होतो आहे, त्याच्या हातून याच वयात ओळीत अक्षरं काढून घेण्याचा हट्ट कशासाठी?

मेंदूचा हुकूम आणि बोटांची खबर

मॉन्ट्रियलचे मेंदू-शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून शरीराचा कोणता भाग हलतो, कुठे मुंग्या येतात, याची नोंद ठेवत. या नोंदींचा नकाशा त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यात हात आणि चेहरा यांना मिळालेली जागा त्यांच्या आकारमानाच्या मानाने फार मोठी आहे. अख्ख्या पाठीला मिळाली त्याहून कितीतरी जास्त जागा बोटांना आहे.

ही जागा फक्त हुकूम सोडण्यासाठी नाही. बोटांकडून मेंदूला सतत खबर येत असते: वस्तू खरखरीत आहे, ओली आहे, निसटते आहे. स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठात रोलँड योहानसन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की वस्तू उचलताना ती निसटू नये यासाठी लागतो त्यापेक्षा आपण थोडासाच जास्त जोर लावतो. ती जराशी सरकली तरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड आपोआप घट्ट होते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बोटांची टोकं बधिर केली की हा अंदाज बिघडतो. लहान मुलांत ही मोजणी अजून कच्ची असते आणि वयाच्या सहा-आठ वर्षांपर्यंत ती पक्की होत जाते. म्हणूनच लहानग्याच्या हातात बिस्किटाचा चुरा होतो, कागदी पेला चेपतो, अंड्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. विकासात मागे असलेल्या मुलांत खबर उशिरा पोचत असेल, अपुरी पोचत असेल किंवा मेंदू तिचा अर्थ लावण्यात कमी पडत असेल, तर हा कच्चेपणा जास्त काळ टिकतो. अशा मुलाला 'हळू धर ना' असं सांगून काही साधत नाही, कारण किती हळू ते त्याच्या बोटांना अजून कळलेलं नसतं.

अडतं कुठे?

'बारीक हालचाली मागे आहेत' या एका वाक्याखाली फार वेगवेगळी मुलं येतात. हा फरक समजून न घेता केलेले उपाय वाया जातात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू सैल, सांधे जास्त लवचीक आणि बोटं आखूड असतात. चिमटीत काही धरताना बोटाचा सांधा उलट्या बाजूला झुकतो आणि जोर वाया जातो. पाठही सैल असल्यामुळे बसल्या बसल्या एक हात जमिनीला टेकलेला असतो. तो हात आळसाने टेकलेला नाही, तो मुलाला सावरतो आहे. अशा मुलाला पाठीला भिंतीचा आधार द्या किंवा पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीच्या पाटावर बसवा आणि समोर कोपराच्या उंचीला येईल असा चौरंग ठेवा. तोच हात लगेच कामाला मोकळा होतो. बैठक सुधारल्याने एका क्षणात पडणारा हा फरक पाहिला की कळसूत्रीवाल्याच्या पायाखालची फळी किती महत्त्वाची ते पटतं.

सेरेब्रल पाल्सीत, पालकांच्या भाषेत 'सीपी'त, बऱ्याचदा उलट असतं. स्नायू ताठर असतात, अंगठा तळहातात दुमडलेला असतो, मनगट आत वळलेलं असतं. या मुलांना मूठ वळण्यापेक्षा ती उघडणं अवघड जातं. वस्तू घेता येते, सोडता येत नाही. त्यांना चेंडू आवळायला देऊन ताकद वाढवायची म्हणजे जे आधीच जास्त आहे त्यात भर घालणं. ठोकळा डब्यात टाकणं, हात उघडून मोठा फुगा थोपवणं त्यांच्या जास्त उपयोगाचं. शरीराच्या एकाच बाजूला त्रास असेल तर दोन्ही हात लागतील अशी कामं निवडावी लागतात.

स्वमग्न मुलांपैकी काहींना स्पर्शच सोसत नाही. ओली कणीक हाताला लागली की ती हात झटकतात, ओरडतात. त्यांची बोटं सक्षम असतात, पण वापरली जात नाहीत. त्यांचा हात जबरदस्तीने पिठात घालू नये. कोरडे तांदूळ, मग रवा, मग कोरडं पीठ, मग घट्ट मळलेला गोळा आणि सगळ्यात शेवटी ओलं-चिकट, असं मुलाच्या कलाने जावं. हात लगेच पुसता येईल असं फडकं जवळ ठेवलं की मुलाची भीती निम्मी होते.

आणखी काही मुलांत स्नायू ठीक असतात, स्पर्शही ठीक असतो, पण कामाची जुळणी होत नाही. पुढचं पाऊल कोणतं, हात कुठे न्यायचा, हे दरवेळी नव्याने शोधावं लागतं. समन्वयाच्या या अडचणीचं पक्कं निदान पाच वर्षांच्या आत सहसा केलं जात नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांत डोळ्यांचा प्रश्न मागे लपलेला असू शकतो. ज्याला काज नीट दिसतच नाही त्याचा हात काय करणार? डोळे तपासून घेणं पहिल्या काही कामांतलं एक असलं पाहिजे.

कारण कोणतंही असो, वाढीचा क्रम मात्र बव्हंशी तोच राहतो. नवजात बाळ तळहाताला लागलेलं बोट आपोआप घट्ट धरतं. ही प्रतिक्षिप्त पकड चार-सहा महिन्यांत ओसरते आणि मुलाच्या इच्छेने होणारी पकड सुरू होते. सहाव्या महिन्याच्या सुमाराला वस्तू या हातातून त्या हातात जाते. आधी सगळ्या बोटांनी ओरबाडून उचलणं, मग नऊ ते बारा महिन्यांत अंगठा-तर्जनीची चिमटी. दोन वर्षांचं मूल साधारण सहा ठोकळ्यांचा मनोरा करतं, तीन वर्षांचं नऊ ठोकळ्यांचा. तिसऱ्या वर्षी बघून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, पाचव्या वर्षी त्रिकोण. तुमच्या मुलाचं वय चार असेल आणि ते अजून ओरबाडून उचलत असेल, तर त्याच्यासाठी पुढची पायरी चिमटीची आहे. त्रिकोण पुष्कळ दूर आहे. वाढदिवसाकडे न बघता पायरीकडे बघणं पालकांना जड जातं, पण खरी मदत तिथून सुरू होते.

जे यायला हवं, त्याचाच सराव

या लेखात मला सगळ्यात आग्रहाने सांगायचं आहे ते हे: मूल ज्या कामाचा सराव करतं, ते काम शिकतं. मणी ओवून मणी ओवता येतात. बटण लावायला बटणच लावावं लागतं.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचे उपलब्ध पुरावे एकत्र तपासले आणि सिग्नलच्या दिव्यांच्या रंगांत त्यांची वर्गवारी केली. ठरवलेल्या प्रत्यक्ष कामाचा सराव, दोन्ही हातांचा एकत्र सराव आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने घरी चालवलेला कार्यक्रम यांना हिरवा दिवा मिळाला. मुलाने स्वतः काही न करता दुसऱ्याने त्याचे हातपाय हलवून द्यायचे, अशा पद्धतींना तसा आधार सापडला नाही. ही तपासणी सीपीपुरती असली तरी शिकण्याचं तत्त्व इतर मुलांना वेगळं असण्याचं कारण दिसत नाही.

सराव किती लागतो? न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने चालायला लागलेली बाळं मोकळेपणी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. कौशल्य असं घडतं, असंख्य वेळा करून आणि असंख्य वेळा चुकून. आता थेरपीचा हिशेब करा. आठवड्यात पाऊण तासाची दोन सेशन धरली तर होतो दीड तास. मूल आठवड्यात ऐंशी तासांहून जास्त जागं असतं. थेरपिस्टचं काम अनमोल आहे, कारण काय करायचं आणि कसं, ते त्यांना कळतं. पण सराव त्या दीड तासात बसत नाही. तो उरलेल्या वेळात, आंघोळीनंतर कपडे घालताना, जेवताना, चप्पल घालताना होतो. फावला वेळ काढून वेगळा 'अभ्यास' घ्यावा लागत नाही, हा दमलेल्या आई-वडिलांसाठी मोठा दिलासा आहे.

एवढं अवघड काम मुलाला द्यायचं कसं? थेरपिस्ट एक युक्ती शिकवतात: शेवटची पायरी आधी. जाकिटाची चेन तुम्ही जवळजवळ पूर्ण लावा, शेवटचं दोन बोटांचं अंतर मुलाने ओढायचं. ते पक्कं झालं की निम्म्यापासून. मग खालपासून. चेन अडकवणं सगळ्यात शेवटी. दर खेपेला काम पूर्ण करण्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. सुरुवातीपासून शिकवलं तर उलट होतं, मूल पहिल्या अवघड पायरीवर अडतं आणि शेवट नेहमी आईच करते.

बटणासाठी आजोबांचं मोठ्या बटणांचं जुनं जाकीट शोधा. बटण चपटं आणि मोठं, कापड जरा जाड, काज किंचित सैल करून घेतलेलं. आधी बटण काढायला शिकवा, लावायला नंतर. लावताना तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर आणा, मुलाने फक्त ओढायचं. सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून करा, कारण ते दिसतं. गळ्याजवळचं बटण अगदी अखेरीस. आणि हे सगळं संध्याकाळी, कपडे बदलताना. सकाळी शाळेची रिक्षा खाली उभी असताना कुणीही काही शिकत नाही.

मदत किती करायची? मुलाचा हात धरून सगळं करून घेतलं तर त्याचा मेंदू काम आपल्यावर सोपवून मोकळा होतो. आधी गप्प राहून थांबा. मनात दहा आकडे मोजा. विकासात मागे असलेल्या मुलाला हालचाल ठरवायला जास्त वेळ लागतो आणि आपण नेमके त्याच क्षणी घाईने मधे पडतो. मग शब्दाने सांगा, मग बोटाने दाखवा, मग कोपराला किंवा मनगटाला हलका आधार द्या. बोटांना हात लावायची वेळ शेवटची.

स्वयंपाकघर

घरात बोटांना सगळ्यात जास्त काम जिथे मिळतं, तिथून विकासात मागे असलेल्या मुलाला बहुतेक वेळा हाकललं जातं. सांडेल, भाजेल, वेळ जाईल. भाजण्याची काळजी खरी आहे, त्यासाठी गॅसपासून दूर, जमिनीवर पाट टाका. सांडण्याचं मनावर घेऊ नका.

आपल्याकडे हाताने जेवण्याची पद्धत आहे आणि तिची किंमत आपल्याला कळत नाही. वरण-भाताचा घास करताना पाचही बोटं जवळ येतात, ती भात दाबून एकत्र करतात, मनगट वळून तळवा वर होतो आणि ओठांपाशी अंगठा घास आत ढकलतो. अंगठा इतर बोटांसमोर आणणं, जोर मोजणं आणि मनगट फिरवणं, हे सगळं एका घासात आहे. दिवसातून दोन-तीन जेवणं धरली तर सरावाचे किती घास होतात! तरीही पाच वर्षांच्या मुलाला आजी प्रेमाने भरवत असते, कारण ते 'नीट जेवत नाही'. आजीला सांगा, पहिले पाच घास त्याचे, मग तुमचे. भात जरा आसट-चिकट कालवा म्हणजे घास सुटत नाही, आणि ताट काठाचं घ्या म्हणजे भात काठाशी दाबून गोळा करता येतो.

पोळ्यांच्या वेळी कणकेचा लिंबाएवढा गोळा मुलाला द्यावा. तो दाबायचा, लांबवायचा, चिमटे काढायचे, त्यात चण्याच्या डाळीचे दाणे खोचायचे आणि शोधून काढायचे. बोटवे, मालत्या, नखुले हे खिरीसाठी हाताने वळायचे प्रकार आता फार घरांत होत नाहीत. पण पिठाची बारीक गोळी अंगठा आणि बोटांत वळणं यासारखा चिमटीचा सराव दुसरा सापडणार नाही, आणि लहानग्यांनी केलेले वाकडेतिकडे बोटवेही खिरीत छान शिजतात. मटाराची शेंग दोन्ही हातांनी उघडावी लागते: एक हात धरतो, दुसरा सोलतो. आई शेंगेचं टोक मोडून थोडी उघडून देते, पुढचं मूल करतं. मेथीची पानं खुडणं त्याहून सोपं. अर्धं लिंबू पिळणं जास्त ताकदीचं. सैल स्नायूंच्या मुलांना हे चांगलं, ताठर हाताच्या मुलांना थेरपिस्टला विचारून. पालक जवळ असल्याशिवाय शेंगदाणे, चणे, चिंचोके, मणी मुलाच्या हाती देऊ नका. ही मुलं वस्तू तोंडात घालण्याच्या टप्प्यावर जास्त काळ राहतात आणि घशात अडकण्याचा धोका खरा आहे. घड्याळ आणि रिमोटमधले चपटे गोल सेल आणि छोटी लोहचुंबकं तर घरात कुलपाआडच हवीत.

पेन्सिलीची घाई

मुठीत धरलेला खडू पाहून घाबरू नका. लेखनाची पकड पायऱ्यापायऱ्यांनी येते: आधी मूठ, मग सगळी बोटं खाली वळलेली, मग अंगठा आणि दोन-तीन बोटं. बोटं बारीक हलवणारी तिबोटी पकड इतर मुलांतही साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. तीही एकमेव बरोबर पकड नाही. कॅनडात चौथीतल्या १२० मुलांची अक्षरं तपासली तेव्हा चार वेगवेगळ्या पकडींनी लिहिणाऱ्या मुलांच्या वेगात किंवा अक्षराच्या सुवाच्यपणात फरक आढळला नाही.

पकड बदलायला सांगण्यापेक्षा खडू बदलावा. पाटीवरच्या खडूचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावतच नाही, त्यामुळे बोटं आपोआप टोकाशी येतात. कागद किंवा फळा भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. उभ्या पृष्ठभागावर रेघ ओढताना मनगट मागे वळतं आणि बोटांच्या दोऱ्यांना हवा तो ताण मिळतो. ओल्या ब्रशने गॅलरीच्या भिंतीवर पाण्याची 'रंगरंगोटी' करायला मुलं कंटाळत नाहीत. ठिपके जोडून 'अ' गिरवून घेणं मात्र त्याला गोल आणि अधिकचं चिन्ह स्वतःहून काढता येईपर्यंत थांबवा. बालवाडीने वही दिली म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही, शिक्षिकेशी स्पष्ट बोला.

> डॉक्टरांना केव्हा दाखवायचं?
> – चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या आणि अंगठा आत
> – वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतं, दुसरा टाळतं (डावरं-उजवं एवढ्या लवकर ठरत नसतं)
> – वर्ष उलटून गेलं तरी चिमटीने उचलत नाही
> – दोन वर्षांचं झालं तरी रेघोट्या ओढत नाही, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत नाही
> – कोणत्याही वयात आधी येत असलेलं काम येईनासं झालं. विशेषतः मुलगी वस्तू धरणं सोडून हात एकसारखे चोळू लागली तर लगेच

कोसबाडची टेकडी आणि पालघर

हाताने काम करत करत शिकण्याचा विचार विकासात मागे असलेल्या मुलांसोबतच रुजला, हे फार थोड्यांना माहीत असतं. मारिया माँटेसरी पेशाने डॉक्टर. १९०० च्या सुमारास रोममध्ये त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवत होत्या. त्यांच्याही आधी फ्रान्समध्ये एदुआर सेगँ यांनी अशा मुलांसाठी हाताळायची साधनं तयार केली होती, त्यांचा माँटेसरींनी अभ्यास केला. १९०७ मध्ये रोममध्येच गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं तेव्हा हा अनुभव त्यांनी सगळ्याच मुलांसाठी वापरला. माँटेसरींच्या साधनांत लाकडी दट्ट्यांना चिमटीने धरायच्या मुठी असतात, शिवाय बटणं-नाड्यांच्या चौकटी असतात. (चौकटीवर बटण आलं की ते अंगावर येतंच असं नाही, मधे एक पायरी उरते. चौकट मुलाच्या छातीशी धरून पाहा.) महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही पद्धत बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली, तीही महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, माती घेऊन. अंगणवाडी ही कल्पना त्याच कामातून आली. १९५० साली मूळच्या अमेरिकन, लग्नामुळे मुंबईकर झालेल्या कमलाबाई निंबकरांनी केईएम रुग्णालयात व्यवसायोपचार शिकवणारं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. ज्याला पालक आज 'ओटी' म्हणतात, ते हेच शास्त्र.

बोर्डी आणि कोसबाड ज्या पालघर भागात आहेत, तिथूनच फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंगं, कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातला विलंबही त्यात तपासला जातो. या कार्यक्रमाची आरोग्य पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि गरज वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खेड्यात थेरपिस्ट मिळत नाही, शहरात परवडत नाही, अशा घरांसाठी हा रस्ता उघडा आहे आणि पुष्कळ पालकांना तो ठाऊक नाही.

तुमचं मूल असेल किंवा शेजारचं, शंका असेल तर 'होईल आपोआप' म्हणून वर्ष घालवू नका. अंगणवाडी सेविकेला विचारा, पथक पुन्हा कधी येणार आहे. त्या दिवशी मुलाला नक्की घेऊन जा, आणि जाताना त्याला काय येत नाही यापेक्षा काय येतं त्याची यादी लिहून न्या. तपासणाऱ्याला पुढची पायरी त्या यादीवरूनच ठरवता येते.